प्रायव्हेट नंबरवरचा शुभचिंतक

फोन वाजला, उचलला, स्क्रीनवर नंबरच्या जागी नुसतं ‘प्रायव्हेट नंबर’ आणि पलीकडून चकार शब्द नाही, असं झालं की माणसं एक तर घाबरतात, नाहीतर शिवी हासडतात. दर्पण कॉलनीतल्या शामलाताई मोघे यातलं काहीच करत नाहीत. त्या खुर्चीत मागे रेलतात आणि शांतपणे विचारतात, “मुलगा की मुलगी?”

आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा पलीकडून उत्तर येतं. कुणीतरी खाकरतं आणि म्हणतं, “मुलगी. एम.कॉम. झाली आहे.”

त्याचं असं आहे, की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली लग्नं जमवणं हे शामलाताईंचं कित्येक वर्षांचं काम. पेशा म्हणाल तर नाही. त्यांचे यजमान रघुनाथराव त्याला व्यसन म्हणतात. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंचा मोबाइल नंबर गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी शेवटच्या पानावर छापून येतो, तूपवाल्याच्या जाहिरातीच्या खाली. पोटच्या पोरीसाठी स्थळ विचारायचं म्हणजे भल्याभल्या बापांची जीभ जड होते. मग ते आधी नंबर लपवून फोन करतात, बाईंचा आवाज कसा आहे ते चाचपतात, आणि धीर झाला तर बोलतात. शामलाताईंना हे पक्कं ठाऊक. म्हणून त्या येईल तो फोन उचलतात.

यात नको तेही फोन येतातच. एकदा कुणी भामट्यानं दरडावलं, की तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात भलतंसलतं सापडलंय, आता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. शामलाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बेटा, आवाज तो बहुत अच्छा है तुम्हारा. शादी हुई कि नहीं?” तो गडबडला. “नहीं हुई,” म्हणाला आणि फोन ठेवून दिला. बाईंना हळहळ वाटली ती एवढीच, की गाव कुठलं ते विचारायचं राहिलं.

एकाच प्रकारच्या फोनची त्यांना मनापासून चीड. भांजीच्या फोनची. लग्न जमत आलेलं असतं, बैठक ठरायची असते, आणि कुणीतरी नाव न सांगता मुलाकडच्यांना फोन करतं. मुलीला फिट येते, मुलीचं कुठंतरी आहे, मुलगी आईला उलट बोलते. खरं-खोटं करायला वेळ कुणाला असतो? मुलाकडचे ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून मोकळे होतात. असल्या माणसाला महाराज बाड्यावर भर चौकात उभं करून त्याच्या तोंडाला काळं फासलं पाहिजे, असं शामलाताईंचं स्पष्ट मत होतं आणि ते त्या हळदीकुंकवातसुद्धा बोलून दाखवत.

तर अशा शामलाताईंच्या ताब्यात गोपाळकृष्ण हर्डीकरांची मधुवंती होती.

गोपाळराव म्हणजे रघुनाथरावांचे जुने स्नेही. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि गाण्यानं वेडावलेले. नाहीतर मुलीचं नाव कोण रागावरून ठेवतं? बायको गेली तेव्हा मधुवंती आठवीत होती. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या. तेराव्यानंतर लगेच गोपाळराव शामलाताईंच्या दारात आले, हातात जुन्या साडीचे फाडलेले काठ, आणि म्हणाले, “वहिनी, वेणी कशी घालतात ते शिकवा.” खिडकीच्या गजाला ते काठ बांधून हा माणूस संध्याकाळभर वेण्या घालत बसला होता. ते आठवलं की शामलाताईंना अजूनही गलबलून येतं. त्यामुळे मधुवंतीचं लग्न हे त्यांच्या लेखी नुसतं आणखी एक लग्न नव्हतं.

मधुवंती आता सिटी सेंटरमधल्या एका बँकेत होती. हुशार, हसरी, गळा बापाचा आणि स्वभाव आईचा. तरीही कुठं जमेना. पुण्याचं स्थळ चांगलं होतं; बैठकीच्या आधी एकाएकी गार पडलं. बडोद्याच्या लोकांनी तर कपडे कुणाला काय द्यायचे इथपर्यंत बोलणी आणली होती, आणि मग त्यांनी फोन उचलणंच सोडून दिलं. दोन्हीकडे खोदून विचारल्यावर एकच कळलं. प्रायव्हेट नंबरवरून कुणा ‘शुभचिंतका’चा फोन आला होता, मुलीच्या बापाला नावं ठेवणारा.

तिसरं स्थळ नागपूरचं. मुलगा राघव, इंजिनियर, घरात तो आणि त्याची आई शालिनीताई. राघव ग्वाल्हेरला येऊन भेटून गेला. नंतर मधुवंती बँकेतून परस्पर शामलाताईंकडे आली, पर्स सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, “काकू, सच बताऊँ? मला तो आवडला. म्हणजे... यार, कसं सांगू, फोन ठेवायचं मनच नाही करत.” आणि चक्क लाजली. शामलाताईंनी तिच्यासाठी ताबडतोब शिरा केला.

त्यानंतर दोनच दिवसांनी शालिनीताईंचा फोन आला.

“अहो, आम्हाला एक विचित्र फोन आला. नंबर दिसत नव्हता. मैं आपका शुभचिंतक बोल रहा हूँ, म्हणाला. तेव्हा तुम्ही जरा थांबा, मी विचार करून कळवते.”

शामलाताईंनी कपाळाला हात लावला. “काय बोलला मेला?”

“मुलीच्या वडिलांबद्दलच बोलत होता. फार हट्टी आहेत, पहाटे उठून तानपुरा लावतात, कुणाला झोपू देत नाहीत, रोज भाजीला नावं ठेवतात, लेकीच्या संसारात नाक खुपसतील.”

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि मग नागपूरहून काहीच कळेना. आठवडा उलटला. मधुवंती विचारायची नाही, पण तिचा चेहरा पाहवत नव्हता. हे स्थळ हातचं गेलं तर ही पोर पुन्हा कुणाला भेटायलाच तयार होणार नाही, हे शामलाताईंना दिसत होतं. आणि खुद्द गोपाळराव? ते मान खाली घालून म्हणत, “वहिनी, तिच्या नशिबात नसेल ग्वाल्हेर सोडणं.”

शामलाताईंचं रक्त उकळलं. या माणसावर इतका दात धरून कोण आहे?

उत्तर त्यांना भाजी निवडता निवडता सापडलं. मानसिंगराव!

गेल्या गणेशोत्सवात काय झालं ते सबंध मंडळानं पाहिलं होतं. सांस्कृतिक संध्येला आधी गोपाळरावांचं गाणं आणि मग मानसिंगरावांचा पोवाडा, असं ठरलं होतं. गोपाळराव विलंबित ख्याल घेऊन बसले ते उठायलाच तयार नाहीत. मानसिंगराव फेटा बांधून, डफ घेऊन विंगेत उभे. शेवटी आरतीची वेळ झाली आणि पोवाडा राहिला तो राहिलाच. त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

“बोलून तर पाहा आधी, एकदम आरोप नको,” रघुनाथराव म्हणाले. पण बाईंनी चपला पायांत सरकवल्या होत्या.

मानसिंगराव सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत राहत. सत्तरीतला उंचापुरा माणूस, मिशा अजून ताठ. त्यांनी बाईंना आदरानं बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन होताच शामलाताईंनी तोफ डागली. पोवाड्याचा राग पोरीच्या लग्नावर काढता? नंबर लपवून फोन करता? सरदारांच्या फौजेत होते ना तुमचे पूर्वज?

मानसिंगराव आधी लालबुंद झाले, मग उठून उभे राहिले.

“वहिनीसाहेब, हे आपण काय बोलून राहिलात? साफ बात सांगतो. गोपाळला मी शिव्या देतो. रोज देतो. पण तोंडावर देतो, आणि फोनवर दिल्या तर माझ्या नंबरासकट देतो. त्याच्याकडे मिस्ड कॉल असतील पाहा.” मग ते खाली बसले आणि त्यांचं कुतूहल जागं झालं. “तसं तो फोनवाला बोलला तरी काय?”

शामलाताईंनी सांगितलं. मानसिंगराव ऐकत गेले आणि नाराज होत गेले.

“बस, इतकंच? अहो, हे काय बदनामी करणं झालं? तो बेसूर होतो, हे नाही सांगितलं? आणि पोरीबद्दल काय बोलला?”

“पोरीबद्दल काहीच नाही. चांगलंच बोलला. लड़की में कोई कमी नहीं, म्हणाला. तिन्ही ठिकाणी.”

“कमाल आहे,” मानसिंगराव म्हणाले. “लग्न मोडायला निघालेला माणूस पोरीची तारीफ करतो?”

शामलाताई माफी मागून, त्यांच्या आग्रहाखातर तिळाची गजक खाऊन बाहेर पडल्या. ई-रिक्षा बाड्यावरच्या गर्दीत अडकली. पुढं बस, बाजूला फुगेवाला, मागे हॉर्न. मानसिंगरावांचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. भांजी मारणारा नेहमी मुलीवर घसरतो. यानं मुलीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आणि रोजच्या भाजीला नावं ठेवतात, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? ते जेवायच्या ताटावर बसलेल्यालाच ठाऊक असणार. त्या ताटावर माणसं दोनच. शामलाताई रिक्षात इतक्या मोठ्यानं “अरे देवा!” म्हणाल्या, की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

पण एकदा तोंडघशी पडून झालं होतं. आता पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. घरी इंटरनेटच्या कनेक्शनबरोबर आलेलं एक सिम नुसतं पडून होतं. ते त्यांनी जुन्या मोबाइलमध्ये घातलं, फोन रघुनाथरावांच्या हाती दिला आणि गोपाळरावांना निरोप धाडला, की नागपूरचं काही खरं दिसत नाही, पण जबलपूरचं एक फार छान स्थळ आलंय. मुलाच्या वडिलांचा हा नंबर, परवा बोलणी करू.

दुसऱ्या दिवशी दुपारीच तो फोन वाजला. प्रायव्हेट नंबर.

रघुनाथरावांना तरुणपणी नाटकाचं वेड होतं आणि ते आयुष्यभर अपुरं राहिलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, फोनवर धरला आणि भरदार आवाजात म्हणाले, “हाँ जी, जबलपुर से बोल रहे हैं.”

“मैं आपका शुभचिंतक,” पलीकडून घोगरा आवाज आला. दोन्ही टोकांना रुमाल लावून दोन जुने मित्र बोलू लागले. शामलाताई शेजारी कान देऊन बसल्या.

“लड़की तो हीरा है साहब. ऐसी लड़की नहीं मिलेगी. लेकिन बाप से बचकर रहिए. बहुत मतलबी आदमी है. बस अपनी सोचता है. ज़िंदगी में कुछ किया नहीं उसने.”

रघुनाथरावांचा चेहरा बदलला. ते विसरले, की आपण जबलपूरचे आहोत. “अरे, ऐसा कैसे बोलते हैं आप? इतना भला आदमी है! अकेले ने बच्ची को पाला, वेणी तक...”

“आप उन्हें कैसे जानते हैं?” पलीकडचा आवाज दचकला.

शामलाताईंनी फोन हिसकावून घेतला. “गोपाळराव, तोंडावरचा रुमाल काढा आणि चहा प्या. मी उद्या सकाळी येते.”

पलीकडे काहीतरी सळसळलं. मग रुमालाशिवायचा, अगदी ओळखीचा आवाज आला. “वहिनी, मधूला सांगू नका.”

त्या रात्री शामलाताईंनी मनातल्या मनात भाषण तयार केलं. बाड्यावर उभं करण्यापासून तोंडाला काळं फासण्यापर्यंत सगळं त्यात होतं. पण सकाळी गोपाळरावांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. मधुवंती बँकेत गेली होती. ओट्यावर तिचा डबा भरून उरलेली भाजी झाकून ठेवलेली होती.

“विजेचं बिल भरायला तुम्हाला मधू लागते,” शामलाताई म्हणाल्या. “हे नंबर लपवायचं कुठून शिकलात?”

“यूट्यूबवर. इंटरनेटवरून फोन लावायचं एक ॲप असतं.” ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. “पुण्याच्या वेळी नुसतं बघावं म्हटलं, काय होतं. मग बडोदा झालं. वहिनी, लाज वाटते. पण ती गेली की या घरात मी काय करायचं, हे मला खरंच माहीत नाही. सकाळी तानपुरा लावला की ती आतून ओरडते, बाबा, पंचम उतरलाय. ते कोण सांगणार?”

“मग सरळ सांगायचं होतं, की ग्वाल्हेरचाच मुलगा बघा.”

“तिनं ऐकलं असतं. माझ्यासाठी इथंच कुणालाही हो म्हणाली असती. ते नको होतं.” त्यांनी ओट्यावरच्या झाकलेल्या भाजीकडे पाहिलं. “पहिल्यांदा फोन केला तेव्हा ठरवलं होतं, तिच्याबद्दलच काहीतरी सांगायचं. सगळे तसंच करतात ना? बसलो तिच्यात खोट शोधत. एक सापडेना. खोटी सांगायला जीभ रेटेना. मग माझ्यातल्या काढल्या. त्या भरपूर निघाल्या.”

शामलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भांजी मारणाऱ्या माणसाची आपल्याला कीव येईल, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला घरातून हाकललं असतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि भूगोलाच्या बाईंचा आवाज काढला.

“ते झालं. आता नागपूरला फोन लावा. तुमच्या नंबरवरून. जे केलंत ते स्वतःच्या तोंडानं सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. पण ती पोर आठवडाभर धड जेवली नाही आहे, गोपाळराव.”

“मला दिसतं ते,” गोपाळराव म्हणाले.

त्यांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. नंबर लावून स्पीकर सुरू केला. तिकडून शालिनीताईंचा “हॅलो” आला.

“मी गोपाळकृष्ण हर्डीकर. ग्वाल्हेरहून. मधुवंतीचा बाप.” त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. “तुम्हाला त्या दिवशी जो निनावी फोन आला...”

“तो तुम्हीच केला होता,” शालिनीताई म्हणाल्या. “ठाऊक आहे हो मला.”

गोपाळरावांनी शामलाताईंकडे पाहिलं. शामलाताईंनी जोरजोरानं मान हलवली. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

“मधुवंतीनंच सांगितलं,” शालिनीताई पुढं म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी. राघवनं तिला फोनबद्दल विचारलं, तर हसायलाच लागली म्हणे. मग माझ्याशी बोलली. म्हणाली, काकू, ते माझे बाबा आहेत. माझ्या बाबांबद्दल इतकं वाईट बोलायची हिंमत बाबांशिवाय कुणाची नाही. पुण्याच्या आणि बडोद्याच्या वेळीसुद्धा तेच होते. पण तिथं मला तरी कुठं जायचं होतं, म्हणून मी गप्प बसले.”

“तिला सगळं माहीत होतं?” गोपाळरावांनी कसंबसं विचारलं.

“सगळं. आमचा होकार तेव्हाच होता. तिनंच थांबवलंय आम्हाला. म्हणाली, आत्ता सांगितलंत तर बाबा हो म्हणतील, पण मनात कुढत राहतील. त्यांना थोडा वेळ द्या. ते स्वतःच्या नंबरवरून फोन करतील, तेव्हा सांगा. पोर तिकडे झुरतेय, हे राघवला कळत होतं, पण ती ऐकेना. मी शेवटी तिला म्हटलं, अगं, आणि त्यांनी केलाच नाही फोन तर?”

“मग?”

“म्हणाली, करतील.”

गोपाळराव फोनकडे बघत राहिले. बाहेर भाजीवाल्याची हाक आली, गल्लीतून एक स्कूटर गेली. तिकडून शालिनीताई म्हणाल्या, “हॅलो? आहात ना?”

“आहे, आहे,” गोपाळराव म्हणाले. त्यांनी हातानं डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. “मी काय म्हणत होतो, शालिनीताई... साखरपुडा इकडे करायचा, की तिकडे?”